पांढऱ्यावर पांढरी अक्षरं

४ फेब्रुवारी २००८, सोमवार

डॉक्टर म्हणाले, राग आला की ओरडायचं नाही, वहीत लिहून काढायचं. ब्लडप्रेशरचा वरचा आकडा एकशे सत्तर आलाय. मी म्हटलं, मग एका वहीत भागायचं नाही. ते हसले नाहीत, गोळी वाढवली.

म्हणून ही डायरी. फवारणीचं औषध बनवणाऱ्या कंपनीने २००६ साली फुकट वाटली होती. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक झुरळ उताणं पडलेलं आहे. वार जुळत नाहीत, ते खोडून लिहीन. पहिल्या पानावरची माहिती भरली. नाव सदानंद, वय चौपन्न, मूळ गाव संगमेश्वर, धंदा 'सदानंद पेस्ट कंट्रोल', गाळा मीरा रोडला, हाटकेशमध्ये. अपघात झाल्यास कोणाला कळवावे, तिथे सुचेताचं नाव घातलं. बायको आहे, तिला कळवायला तर हवंच.

आजचा राग असा. मनालीने, म्हणजे आमच्या मुलीने, दिवाळीत माझ्या धंद्याची वेबसाइट बनवून दिली. तीन महिन्यांत त्यावरून दोन फोन आले, त्यातला एक राँग नंबर. आज दुपारी तिच्या कॉम्प्युटरवर गुगल उघडलं आणि इंग्रजीत 'पेस्ट कंट्रोल मीरा रोड' असं टाकलं. पहिल्या पानावर मी नाही. दुसऱ्यावर नाही. सहाव्या पानावर सापडलो, तोही अमेरिकेतल्या मीरा मेसा नावाच्या कुठल्याशा वस्तीतल्या पेस्ट कंट्रोलवाल्याच्या खाली. एकोणीस वर्षं इथली झुरळं मी मारतोय आणि माझ्या डोक्यावर अमेरिकेचा माणूस बसलाय.

आणि पहिल्या पानावर, वरून तिसरा, काशीगाव.

काशीगाव म्हणजे सुचेताचा धाकटा भाऊ. त्याचं दुकान काशीगावात आहे म्हणून मी त्याला काशीगाव म्हणतो. त्याचं नाव गेल्या जूनपासून मी तोंडात घेतलेलं नाही, वहीतही घेणार नाही.

६ फेब्रुवारी

मनालीचं लग्न अकरा मेला ठरलंय. आज पत्रिकेचा मजकूर करायला बसलो. सुचेताने आधीच लिहून ठेवला होता. खाली 'मामा' म्हणून काशीगावचं नाव. मी पेन घेतलं आणि काट मारली. अशी मारली की कागद फाटला.

"अहो, मुलीला मांडवात मामा आणतो," ती म्हणाली. "तुम्ही आणणार का?"

"आणीन."

"बापाचं काम वेगळं असतं. आणि लोक काय विचारतील? मामा मेला का?"

मी म्हटलं, विचारू देत. ती रडायला लागली. रडणं मला सहन होत नाही, म्हणजे डोक्यात जातं. शेवटी मी म्हटलं, ठीक आहे. ज्या दिवशी गुगलवर माझं नाव त्याच्या नावाच्या वर दिसेल, त्या दिवशी मी स्वतः काशीगावला जाऊन त्याला पत्रिका देईन. तोवर या घरात तो विषय नको.

मनाली दारातच उभी होती. "बाबा, नक्की? वर दिसलं की द्याल?"

"शब्द दिला."

ती सरळ कॉम्प्युटरकडे गेली. मुलगी समंजस आहे, आईसारखी मुसमुसत बसत नाही.

९ फेब्रुवारी

लिहायचंच तर सगळं लिहावं, म्हणजे डॉक्टरांचंही समाधान.

काशीगाव एकोणीस वर्षांचा असताना संगमेश्वरहून आमच्याकडे आला. नऊ वर्षं माझ्या घरात राहिला, माझ्या हाताखाली धंदा शिकला. वाळवीसाठी भिंतीच्या कडेने भोकं पाडायची, औषध सोडायचं, वरून व्हाइट सिमेंट भरायचं, हे तो इतकं सफाईने करायचा की भोक कुठे होतं ते घरमालकाला सापडू नये. मनालीला स्कूटर त्यानेच शिकवली.

मग बाजारात जेल आलं. बिजागऱ्यांपाशी मोहरीएवढे ठिपके लावायचे, झुरळ खातं आणि मरतं. वास नाही, डबे-भांडी बाहेर काढायला नकोत. तो माझ्या मागे लागला, भावजी, आता हेच चालणार. मी म्हणायचो, वासच आला नाही तर काम झालं हे गिऱ्हाइकाला कळणार कसं? बेव्हर्ली पार्कमधल्या एका सोसायटीच्या सात विंग माझ्याकडे होत्या. तिथल्या एका म्हातारीला माझ्या फवारणीने दोन दिवस खोकला लागला. कमिटीने मीटिंग बोलावली आणि विचारलं, जेलचं काम करता का? मी नाही म्हणालो. हा माझ्या शेजारी बसून म्हणतो, "आम्ही करून देऊ." मला न विचारता, माझ्या तोंडावर.

मग मी चाळीस माणसांसमोर त्याला जे बोलायचं ते बोललो. माझ्या घरात जेवलास, माझ्या बायकोने तुझे कपडे धुतले, आणि आज मला धंदा शिकवतोस. खोटं एक अक्षर बोललो नाही. आवाज थोडा मोठा होता. त्याने स्कूटरची चावी टेबलावर ठेवली आणि चालत निघून गेला. पुढच्या महिन्यात सातही विंग त्याच्याकडे गेल्या.

सुचेता म्हणते, 'आम्ही' म्हणजे तो तुम्हाला धरूनच बोलला होता. भाऊ आहे तिचा, ती दुसरं काय म्हणणार.

१८ फेब्रुवारी

भाईंदर पश्चिमेला विपुल नावाचा एक जण वेबसाइट वर आणून देतो असं कळलं. गेलो. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानाचा माळा. एसी लावून स्वेटर घालून बसला होता. तीस दिवसांत पहिल्या पानावर आणतो म्हणाला.

"अंकल, गूगल को भरोसा चाहिए. जितनी अच्छी साइट आपको लिंक देगी, उतना आप ऊपर जाओगे. लिंक मतलब समझो, दूसरा आदमी अपनी साइट पे आपके नाम की गवाही दे रहा है."

माझ्या नावाची साक्ष कोण देणार? या धंद्यात जो तो माझ्या वाईटावर टपलेला आहे. मी त्याला म्हटलं, गवाही-बिवाही नहीं मिलेगी, दुसरा रस्ता बताओ. म्हणाला, रस्ते बहुत हैं.

घरी आल्यावर मनालीला लिंकचं सांगितलं. तिला ते आधीच माहीत होतं. म्हणाली, "मिळेल कोणाची तरी, बाबा." लग्न ठरलेल्या मुलींना सगळं जग चांगलं दिसतं.

३ मार्च

दुसऱ्या पानावर आलो. अमेरिकेच्या माणसाला मागे टाकलं. सुचेताला सांगितलं तर तिने देवापुढे साखर ठेवली. काशीगाव अजून पहिल्याच पानावर आहे, पण आता त्याची पाठ दिसायला लागली.

आणि फोनही येतायत. फेब्रुवारीपासून वाळवीची सहा कामं झाली, एवढी एरवी वर्षात होत नाहीत. या वर्षी वाळवीच जास्त आहे.

विपुलकडे गेलो तर त्याने एक रिपोर्ट दाखवला. माझ्या साइटवर माणसं कुठून येतात ते त्यात कळतं.

"अंकल, आपके ज्यादातर लोग एक ही जगह से आ रहे हैं. वो काशीगाव वाली साइट से. रोज का पंद्रह-बीस."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे काशीगाव दिवसातून पंधरा-वीस वेळा माझं पान उघडून बघतो. मी काय लिहिलंय, काय भाव लावलाय, सगळ्यावर नजर. विपुल म्हणायला लागला, "नहीं अंकल, इसका मतलब ये है कि..." मी म्हटलं, मतलब मुझे मालूम है. मेरी आधी उमर का है तू.

अशा हेरगिरीवर उपाय पाहिजे.

११ मार्च

उपाय मिळाला. विपुलने सांगितला तेव्हा मला आवडला नाही, घरी येईपर्यंत आवडला.

पानाच्या तळाशी पांढरी जागा असते. तिथे पांढऱ्याच अक्षरांत लिहायचं. माणसाला ते दिसत नाही, गुगलला दिसतं. जे लिहिलंय ते कोणी शोधलं की आपलं पान समोर येतं. "सब करते हैं, अंकल. क्या लिखना है?"

मी म्हटलं, काशीगावचं नाव. बेव्हर्ली पार्कच्या बायका आता त्याच्या नावाने शोधतात. शोधू देत, सापडणार मी.

विपुल म्हणाला, एकदा टाइप करून कॉपी मारू. मला असली कामं दुसऱ्यावर सोडायला आवडत नाहीत. दुपारी गाळ्यावर कोणी नसताना बसलो आणि एका बोटाने टाइप केलं. दीडशे वेळा. शाळेत शिक्षा म्हणून लिहायला लावायचे तसं. पहिली पन्नास रागात लिहिली, बटणं तुटतील इतक्या जोरात. मग बोट आपोआप चालायला लागलं. शंभरच्या पुढे डोळ्यांतून पाणी आलं. ॲसिडिटी असणार, दुपारी मिसळ खाल्ली होती. पाणी पिऊन उरलेली पूर्ण केली.

संध्याकाळी विपुलने ती चढवली. मी मुद्दाम पान उघडून बघितलं. तळाशी पांढरी जागा, दुसरं काही नाही. किती छान.

२६ मार्च

मनालीने गेल्या आठवड्यात पकडलं. छापखान्याला माझा पत्ता पाठवायचा म्हणून तिने पानावरून तो उचलायला माऊस दाबून खाली ओढला. ओढला तो जास्तच ओढला गेला. तळाची पांढरी जागा निळी झाली आणि त्यावर काशीगावचं नाव उमटलं, ओळीमागून ओळ.

ती बराच वेळ बघत बसली. मला वाटलं चिडेल. तिने फक्त विचारलं, "बाबा, हे कोणी लिहिलं?"

"विपुलने."

"एकसारखं नाहीये. काही ठिकाणी स्पेलिंग चुकलंय. हे कॉपी केलेलं नाही, एकेक टाइप केलेलं आहे."

मी म्हटलं, धंद्यातल्या गोष्टी तुला कळायच्या नाहीत. ती म्हणाली, काढून टाका, गुगलला असली लपवाछपवी कळली तर ते साइटच हाकलून देतात. मी हो-हो केलं आणि काही काढलं नाही. शुक्रवारी तिने परत तोच विषय काढला, म्हणाली ज्याला यातलं कळतं अशा माणसानेही सांगितलंय, ताबडतोब काढा. कोण माणूस? तर म्हणे ओळखीचा. मी म्हटलं, त्या ओळखीच्याला सांग, स्वतःचं घर सांभाळ.

७ एप्रिल, सोमवार

गेलो.

सकाळी टाकलं, पहिल्या पानावर नाही. दुसऱ्यावर नाही. दहावं, विसावं पान बघितलं. अमेरिकेचा माणूस जागेवर आहे, मी नाही. शेवटी माझ्या फर्मचं अख्खं नाव टाकलं, पत्त्यासकट. माझी साइट नाहीच. आणि पहिला कोण? काशीगाव. माझं नाव शोधलं तरी तोच येतो. म्हणजे यानेही माझं नाव त्याच्या पानात कुठेतरी लपवलंय. मी केलं तर पकडलं, त्याने केलं तर चालतं. पान उघडून बघायचीही इच्छा झाली नाही.

विपुलला फोन केला. "अंकल, ये गूगल का अपडेट चल रहा है. शांति रखो." दुपारनंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

हे काशीगावचंच काम. त्यानेच गुगलला कळवलं असणार.

१३ एप्रिल

पत्रिका छापून आल्या. मोतिया रंग, वर गणपती, खाली माझ्या तिन्ही भावांची नावं, आत्या, काका सगळे. मामा नाही. सुचेताने गठ्ठा उघडला, एक वाचली आणि गठ्ठा तसाच कपाटात ठेवून दिला. देवापुढची पहिलीसुद्धा ठेवली नाही.

मी म्हटलं, मी काय करू? मी शब्द दिला होता. आता गुगलवर मी कुठेच नाही, तर वर येणार कुठून?

ती म्हणाली, "शब्द तुम्ही दिलात, राग तुमचा, आणि शिक्षा पोरीला."

मग दिवसभर बोलली नाही. जेवायला वाढलं, पण तेही बघून नाही. प्रेशर एकशे ऐंशी. मनाली मात्र माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, एक अर्ज करता येतो." म्हटलं, नंतर.

२० एप्रिल, रविवार

अर्ज केला. तो कसा केला ते लिहून ठेवतो, कारण असला अर्ज मी जन्मात केलेला नाही.

गुगलला आपली चूक कळवायची, ती काढून टाकली असं सांगायचं, मग ते विचार करून परत घेतात. म्हणजे माफी. मी आजवर माणसाची माफी मागितलेली नाही, आता यंत्राची मागायची. मी नाही म्हणालो. मनाली म्हणाली, मग पावसाळ्यापर्यंत फोन वाजायचा बंद होईल. पांढरी अक्षरं तिने सकाळीच काढून टाकली होती.

ती माझ्या जॉबकार्डांचा पॅड घेऊन बसली. पिवळे कागद, वर माझ्या फर्मचं नाव, खाली गिऱ्हाइकाचं नाव, विंग, किडीचा प्रकार. मागची बाजू कोरी असते. म्हणाली, "तुम्ही मराठीत सांगा, मी उतरून घेते, मग इंग्रजी करून पाठवते." कॉम्प्युटरवर फॉर्म उघडा होता. माझा चष्मा आत होता, तिने वाचून दाखवला.

"पहिला प्रश्न. पानावर काय लपवलं होतं?"

म्हटलं, लिही, एका माणसाचं नाव.

"दुसरा. त्या माणसाशी तुमचं नातं काय?"

"हे कशाला पाहिजे गुगलला?"

"फॉर्ममध्ये आहे, बाबा."

म्हटलं, लिही, बायकोचा भाऊ. माझ्याकडे धंदा शिकला.

"चांगला शिकला का?"

"हेही विचारलंय?"

"हो."

म्हटलं, लिही, माझ्यापेक्षा हात चांगला आहे. खोटं कशाला सांगायचं, त्यांनी उद्या चौकशी केली तर?

"त्या माणसाने तुमचं काय नुकसान केलं?"

इथे मी अडकलो. सोसायटी गेली, पण ती जेलसाठी गेली. मी जेल करत नव्हतो. आजही करत नाही. मग म्हटलं, लिही, नुकसान असं काही केलं नाही. मी चारचौघांत त्याला नको ते बोललो. त्याने उलट उत्तर दिलं नाही. त्याने चावी ठेवली आणि गेला. त्यानंतर मी त्याचं नाव घेणं सोडलं. तोंडाने घेत नव्हतो, म्हणून लपवून लिहिलं.

आत भांडी घासायचा आवाज चालू होता, तो थांबला. नळही बंद झाला.

"शेवटचा. आता काय इच्छा आहे?"

म्हटलं, इच्छा काय असणार. परत घ्या म्हणावं. झालं ते मनावर घेऊ नका. वय झालंय, राग आवरत नाही, डॉक्टरांचं औषध चालू आहे. इतक्या वर्षांची ओळख एका दुपारी पुसली जाऊ नये. कळावे, आपला सदानंद.

मनालीचं लिहून झालं. नाक लाल झालं होतं, एसीमुळे तिला नेहमी सर्दी होते. मी म्हटलं, तो कागद इकडे दे, फाडून टाकतो. म्हणाली, "मी टाकते, बाबा."

फॉर्म फार चौकस आहे. गुगल एवढ्या घरगुती चौकशा करतं हे मला माहीत नव्हतं.

२२ एप्रिल

प्रेशर एकशे पन्नास. डॉक्टर म्हणाले, बघा, वहीचा गुण. गुगलचं उत्तर नाही.

२७ एप्रिल, रविवार

सकाळी दहाला बेल वाजली. दारात काशीगाव. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. न बोलावता आला. सुचेताने "ये" म्हटलं, जणू काल संध्याकाळीच बाहेर गेला होता.

"भावजी, पुढच्या रविवारी आमच्याकडे केळवणाला या. ताईला आणि मनूला घेऊन."

मी म्हटलं, लग्नाचं आमंत्रण तुला नाही, आणि तू आम्हाला केळवणाला बोलावतोस?

"आमंत्रणाची वाट बघत बसलो असतो तर केळवणाची वेळ निघून गेली असती."

उत्तर तोंडावरच होतं. पूर्वी असा नव्हता. मी काही बोलणार तोच मनालीने हाक मारली, "बाबा, इकडे या. चष्मा घेऊन या."

गुगल उघडं होतं. 'पेस्ट कंट्रोल मीरा रोड'. पहिल्याच पानावर, वरून दुसरा, काशीगाव. पण निळ्या अक्षरांत पहिलं नाव होतं 'सदानंद पेस्ट कंट्रोल, हाटकेश', आणि त्याच्या खाली, बारीक, त्याचं. पान उघडलं तर तिथेही तेच. वर माझा फोन नंबर, वाळवीचा एकोणीस वर्षांचा अनुभव, मग खाली तो आणि त्याचं जेल.

"बाबा, शब्द," मनाली म्हणाली.

"हे पान त्याचं आहे."

"तुमचं पान वर यायला हवं असं तुम्ही म्हणाला नव्हतात. गुगलवर नाव वर दिसलं की पत्रिका देणार, असं म्हणालात. मी दारात उभी होते."

मी म्हटलं, यात काहीतरी लबाडी आहे. सुचेता आतून म्हणाली, "असू दे. ती पांढऱ्यावरची तर नाही ना."

मी काशीगावला विचारलं, माझं नाव तुझ्या पानावर घालायला कोणी सांगितलं?

"नाव जुलैपासून आहे, भावजी, लिंक फेब्रुवारीत घातली. तळाशी होतं. मी वाळवीची कामं घेत नाही. येणाऱ्याला कुणाकडे तरी पाठवायला लागतं ना."

म्हणजे या वर्षी वाळवी जास्त नव्हती.

मी खुर्चीत बसून राहिलो. मग मला आठवलं, मी काशीगावला जाऊन पत्रिका देणार असा शब्द होता, घरी बसून द्यायची असा नव्हे. म्हणून त्याला म्हटलं, तू आता घरी जा. तो गेला. अर्ध्या तासाने मी आणि सुचेता रिक्षाने त्याच्या मागोमाग काशीगावला गेलो. सुचेता अख्ख्या रस्त्यात तोंडाला पदर लावून हसत होती. हसण्यासारखं काय होतं मला कळलं नाही.

पाकिटावर नाव मीच लिहिलं, आणि आत पत्रिकेवर, आत्याच्या खाली जागा होती तिथे, पेनाने मामा. निकेत. आता वहीतही लिहिलं गेलं, तर राहू दे.

त्याने दोन्ही हातांनी पत्रिका घेतली आणि वाकला. म्हणाला, "भावजी, तुम्ही लिहिलंत ते पुरे आहे मला."

मी विचारलं, "कुठलं?"

सुचेता घाईने म्हणाली, "पाकिटावरचं म्हणतोय."

केळवणाला जाणार. माफ केलं असा याचा अर्थ नाही. पत्रिका दिली, एवढंच.

१२ मे

काल लग्न झालं. कार्यालय ठीक. जेवणात अळूवडी गार होती. मुलाकडचे लोक उगाच घाई करतात.

निकेतने मनालीला हाताला धरून मांडवात आणली आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या मागे उभा राहिला. फेटा त्याने वाकडा बांधला होता. मी जाऊन सरळ केला, फोटोत माझ्याच घरची शोभा झाली असती. पाठवणीच्या वेळी तो सुचेतापेक्षा जास्त रडला. मी रडलो नाही. मला अक्षतांची ॲलर्जी आहे असं आता दिसतंय.

घर फार मोठं वाटतंय. गुगलचं उत्तर अजून आलेलं नाही. मनाली जाताना म्हणाली, येईल, बाबा, त्यांना वेळ लागतो. निकेत म्हणतोय, पुढच्या आठवड्यात गाळ्यावर येतो, जेलचं काम बघून घ्या. बघीन. वास नसलेल्या औषधावर माझा अजून विश्वास नाही.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो, नाहीतर प्रेशर वाढेल. अंतरपाट धरायच्या आधी निकेतने घाम पुसायला वरच्या खिशातून रुमाल काढला, तर रुमालाबरोबर घडी घातलेला एक पिवळा कागद बाहेर आला. माझ्या जॉबकार्डाचा पिवळा मी कुठूनही ओळखतो. घड्या घालून घालून कडा फाटायला आल्या होत्या. मी विचारलं, हे काय आहे? म्हणाला, "काही नाही, भावजी. कामाचा कागद आहे." आणि परत त्याच खिशात ठेवून वरून हात फिरवला.

म्हणजे गेल्या जूनमध्ये जाताना हा माझा पॅड घेऊन गेला होता, आणि अजून वापरतोय. मांडवात तमाशा नको म्हणून मी गप्प बसलो. पण भाचीला मांडवात आणताना कामाचा कागद कोणी खिशात घालून येतं का? नऊ वर्षं शिकवलं त्याला, एवढं शिकवायचं राहून गेलं.